बिनपानाच्या गवतामागे सिहोऱ्यापर्यंत

आमच्या एकोडीत काशी-रामेश्वर करून आलेल्या बायका पुष्कळ आहेत. आल्या की त्या गावभर प्रसाद वाटतात आणि महिनाभर तिथल्या गर्दीचे सांगत बसतात. मी या भाद्रपदात सहा दिवस बाहेर जाऊन आले. जिल्हा आपलाच, आणि गेले ते गवत पाहायला. वाटायला काही आणले नाही, म्हणून लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत. कुठे चुकले तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावे. निंदणात पुढच्या बाईचे राहिलेले गवत मागची उपटते, तसे.

एकोडी

चेतना ही माझ्या धाकट्या बहिणीची नात. नागपूरला शिकते. पोरगी डॉक्टर होणार, असे तिच्या आईने सगळ्या नात्यात सांगितले होते. ते खरेच आहे, पण गवताची डॉक्टर. हे कळल्यापासून आई फारसे बोलत नाही.

आल्या आल्या तिने मला तलावाच्या पाळीवर नेले. पाण्याच्या काठचे एकेक उपटून विचारू लागली.

"आजी, याले काय म्हणते तुमच्याइथं?"

"लव्हाळा."

"अन् याले?"

"तोबी लव्हाळाच."

"अन् हे?"

"पोरी, धान नाही ते सारं गवत. एकेकाची नावं ठेवत बसलो असतो तं रोवणी कोनं केली असती?"

मग तिने मला बोटात काडी फिरवायला लावली. लव्हाळ्याची काडी तिधारी असते. हे मला सत्तर वर्षे बोटांनी माहीत होते, पण तोंडाने कधी सांगितले नव्हते. दुसरी काडी दिली, ती गोल होती.

"याचं पान शोध," ती म्हणाली.

मी चष्मा लावून शोधले. पान नव्हते. बुडाशी एक पातळ तांबूस पापुद्रा होता, पोलक्याच्या बाहीला काठ असतो तेवढा. तेच म्हणे त्याचे पान. पानाने कधीकाळी आपले काम सोडून दिले आणि आता ते सगळे काम काडी करते. पान नुसते नावाला बुडाशी बसून असते. असे दोन-तीन आमच्याही घरात आहेत. त्यांची नावे लिहीत नाही.

फूल म्हणावे तर काडीच्या टोकाला एकच बोंडूक, काडेपेटीच्या काडीला गूल असते तसे. कमरेइतके उंच वाढणारे एक होते, त्याची काडी चिमटीत धरून ओढली की टक टक टक वाजते. आत बांबूसारखे पडदे असतात, ते फुटतात. मी तीन काड्या वाजवल्या. चौथी हातात घेतली तेव्हा चेतना म्हणाली, "आजी, बस झालं, मले एक तं ठेव."

या गवताच्या घराण्याचे नाव इलिओकॅरिस. परक्या भाषेतले आहे. त्याचा अर्थ चिखलाची शोभा, असे तिने सांगितले. मीही जन्मभर चिखलातच उभी राहिले, पण माझे नाव असे कोणी ठेवले नाही.

आता तिची अडचण. भंडारा जिल्ह्यात या घराण्याच्या किती जाती आहेत, याची तिने यादी केली आहे. सगळे रकाने भरले, एक राहिला. एक वीतभर उंचीची, केसासारख्या काड्यांची जात तिला गेल्या वर्षी सिहोऱ्याकडे मिळाली होती, पण बी कच्चे होते. या गवताची ओळख पिकलेल्या बियांवरून होते. बी काळे आहे की पिवळे, त्याच्यावर टोपी कशी, बुडाशी केस किती, हे पाहिल्याशिवाय नाव देत नाहीत. गवत चिकटवून पाठवलेला तो कागद तिच्या सरांनी परत केला. दिवाळीच्या आत प्रबंध द्यायचा होता. मुदत आधीच दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. रकाना रिकामा ठेवून देऊ नकोस, असे सरांनी बजावले होते.

माझी नणंद कौसल्या सिहोऱ्याला दिलेली आहे. शिवाय पोरगी एकटी लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, शिरली तर लोक हाकलतात, सोबत म्हातारी असली की चहा विचारतात. मला नेण्याचे कारण एवढेच होते. माझ्या ज्ञानासाठी मला कोणी नेले, असा गैरसमज नको.

कारधा

चेतनाजवळ लाकडी फळ्यांची जोडी होती. मध्ये जुनी वर्तमानपत्रे, त्यांत गवत, वरून पट्टा आवळलेला. साकोलीहून बसलो तेव्हा कंडक्टरने ते मांडीवर पाहिले.

"यात काय आहे, माय?"

"गवत."

"गवत घेऊन कुठं चालल्या?"

"दुसऱ्या गवताकडं."

त्याने पुढे काही विचारले नाही. तिकीट मात्र लगेच दिले.

भंडारा शहर नदीच्या पल्याड, कारधा अल्याड. तिथे चेतनाच्या मैत्रिणीकडे मुक्काम केला, कारण तिला नदीकाठचे गवत पाहायचे होते. गेलो तर वैनगंगा दोन्ही काठ भरून वाहत होती आणि काठचे गवत पाण्याखाली होते. नुसते पाणी पाहायला कारध्याला यावे लागले. चेतना तरी पुढे वाकून पाहू लागली, तिची एक चप्पल गाळात रुतली आणि वर आलीच नाही. पुढचे चार दिवस ती माझी जुनी रबरी चप्पल घालून हिंडली. मी अनवाणी. माझ्या पायांना त्यात काही नवे नाही.

त्या दिवशी काठावर दगडावर बसून तिने मला जगाचा फेरा घडवला. हे गवत नाही असा मुलूख नाही, म्हणाली. बर्फ वितळते तिथल्या डबक्यात आहे, भर उन्हाच्या बेटांवरही आहे. सगळ्यांत जास्त जाती दक्षिण अमेरिकेकडे. चीनमध्ये त्याच्या मुळाशी लागणारे गड्डे शिंगाड्यासारखे सोलून खातात, त्याची शेतीच करतात. आपल्याकडच्या तलावांतले असेच गड्डे सारस उकरून खातो. कुठल्याशा बेटावर ती पोकळ काडी कुटून चपटी करतात आणि तिच्या चटया, टोपल्या विणतात.

"हे येवढ्या दूर गेलं कसं?" मी विचारले.

"पाखरांच्या पायाच्या चिखलातून. पाण्यावरून. धानाच्या बियाण्यातूनबी."

"म्हणजे तिकीट नाही काढलं."

"नाही."

"मी बहात्तर वर्षांत नागपूरच्या पल्याड गेली नाही, अन् हे बिनपानाचं चीनले जाऊन आलं."

"आजी, तुह्या पायाले चिखल लागला की तू घरी जाऊन धुते नं," चेतना म्हणाली. पोरगी उलट बोलायला शिकली आहे. शिक्षणाचा तेवढा उपयोग झाला.

जेवायला झिंग्यांचा रस्सा आणि भात होता. आमच्याकडे झिंग्यांत अंबाडी घालतात, इथे वांगे घालतात. वांग्याने झिंगा झाकला जातो. मी दोनदा वाढून घेतले, म्हणून वाईट म्हणत नाही.

सिहोरा

सिहोऱ्याला पोचलो तर कौसल्याच्या तीन बांध्यांत निंदण चालू होते. पोळ्यानंतर धान गुडघ्याच्या वर येते आणि गवतही त्याच्या जोडीने. कौसल्याने पाहुणचारात काही कमी केले नाही. कोचईच्या पानांच्या वड्या, वर सांबार पेरलेले, आणि सकाळी तव्यावर घातलेले तांदळाचे आयते. शहरात कोचईला अळू म्हणतात आणि सांबाराला कोथिंबीर. सिहोऱ्याचे आयते आमच्यापेक्षा जाड असतात. मी तसे सांगितले.

"वयनी, पातळ पाहिजे तं एकोडीले जाऊन खा," ती म्हणाली आणि आणखी एक वाढला.

चेतनाला तिचे गवत पहिल्याच संध्याकाळी सापडले, खालच्या बांधीत, धुऱ्याला, म्हणजे कडेच्या बांधाला, लागून. एवढेसे झुबके. काड्या केसासारख्या, टोकाला काळपट बोंडूक मोहरीएवढे. भिंगातून पाहून ती म्हणाली, अजून कच्चे आहे, चार-पाच दिवसांत पिकेल. धुऱ्यावरून हात पोचेल तेवढेच तिने शोधले. बांधीत उतरायला कौसल्याने मनाई केली होती, कारण गेल्या वर्षी ती उतरली तेव्हा गवतापेक्षा धान जास्त मोडले होते. नऊ झुबके निघाले. प्रत्येकाला तिने लाल दोरा बांधला आणि सगळ्या बायांना उभे करून सांगितले, "दोरा आहे तिथं हात नाही लावायचा. आजी, तूबी."

"मले काय सांगते? मी का आंधळी आहे?"

दुसऱ्या दिवशी ती कोरडी वर्तमानपत्रे आणायला तुमसरला गेली. मी घरी बसून काय करणार? निंदणाच्या दिवसांत घरात बसलेली पाहुणी कोणाला आवडत नाही. लुगडे खोचले आणि बायांच्या ओळीत उभी राहिले.

ज्यांनी निंदण केले नाही त्यांच्यासाठी सांगते. निंदताना गवताकडे पाहत नाहीत. डोळे धानाच्या बुडावर असतात, ते मोडू नये म्हणून. गवत बोटांना कळते. बोटांना पात्याची धार लागली नाही की ती ओढतात, तीही मुळासकट, कारण काडी तुटली तर ते आठ दिवसांत परत उभे राहते. तोंड तेवढे मोकळे असते, आणि मोकळ्या तोंडाने आम्ही कौसल्याच्या सुनेच्या माहेराबद्दल बोलत होतो.

आमच्या एकोडीत उपटलेले गवत तिथेच पायाने चिखलात दाबतात, कुजून खत होते. मीही तसेच दाबू लागले, तर कौसल्या ओरडली, "वयनी, दाबू नको! धुऱ्यावर फेक, म्हशीले होते." तिकडे तशी रीत आहे. मग मी फेकू लागले.

वरची बांधी झाली, मधली झाली. खालच्या बांधीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिच्यात वरून पाणी सोडलेले, त्यामुळे ती घोटाभर गढूळ. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर मुठीत काही वेगळे लागले. पाहिले तर लाल दोरा.

मी तशीच वाकलेली राहिले. मग हळूच मागे पाहिले. धुऱ्यावर माझ्या ओळीचा ढीग होता, आणि त्यातून आणखी दोरे डोकावत होते. नऊ झुबक्यांतले सात माझ्या ओळीतले. दोन कौसल्याच्या.

"तुनं उपटलं," कौसल्या म्हणाली.

"दोन तुहे आहेत."

"दोनच आहेत."

"आता पोरीले काय सांगू?"

"सांगतं कायले? लावून टाकू."

हे कोणी पहिल्यांदा म्हटले त्यावर आमचे अजून एकमत नाही. पण लावून टाकायचे म्हटल्यावर सगळ्यांना ते पटले. आम्ही जन्मभर दुसरे काय केले आहे? पाचजणी धुऱ्याला लागून वाकलो आणि ते झुबके चिखलात खोचले. कोणीतरी म्हणाली, एखादा मेला तर कमी पडायला नको, म्हणून ढिगातले आणखी तीन घेतले. दोरे धुऊन परत बांधले. काम झाल्यावर कमरेवर हात ठेवून पाहिले, तर झकास दिसत होते. मला खात्री होती की काही कळणार नाही.

चेतना चारला आली. बांधीकडे गेली आणि धुऱ्यावर उभी राहिली. आम्ही चहाचे कप घेऊन दुसरीकडे पाहत होतो.

"आजी."

"काय व?"

"हे गवत ओळीत कधीपासून उगवायले लागलं?"

आम्ही पाहिले. बारा झुबके होते. सरळ ओळीत, एकेका वितीवर. दोरीने आखावी तशी ओळ. हात तसेच लावतात, त्यांना वाकडे लावता येत नाही. आणि लाल दोरे बाराच्या बारांना होते. कौसल्याने हौसेने स्वतःच्या पदराचा दोरा काढून उरलेल्या तिघांना बांधला होता. तोही लालच.

मी म्हटले, "मी उपटले. निंदताना."

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती धुऱ्यावर खाली बसली आणि गुडघ्यांवर हनुवटी ठेवून त्या ओळीकडे पाहत राहिली. उपटून लावलेले आता काही पिकणार नव्हते, कच्च्याचे कच्चे सुकले असते. दिवाळीला महिना-सव्वा महिना होता आणि सिहोऱ्याबाहेर तिला ही जात कुठे दिसली नव्हती. बायांनी चहाचे कप गुपचूप खाली ठेवले. कौसल्यासारखी कौसल्या, तीही पदराचा उसवलेला काठ चाचपत बसली.

मी म्हणाले, "रडायचं असन तं पटकन रड. मंग सांग, काय करावं लागते."

"काय करणार, आजी? धुऱ्याजवळचं सारं तूच काढलं."

"धुऱ्याजवळचं तू पाह्यलं. आम्ही तं आतलंबी काढलं नं?"

हे मी काही विचार करून बोलले नाही, भांडणाच्या भरात बोलले. पण ती उठली. तिने धुऱ्यावरच्या ढिगाकडे पाहिले. तिन्ही बांध्यांतले, जिथे तिला पाय ठेवायला मनाई होती तिथले गवत, मुळासकट, उन्हात पडलेले. अर्धे कौसल्याच्या सुनेने म्हशींपुढे टाकलेसुद्धा होते. चेतना त्या जुन्या रबरी चपलेत म्हशींकडे धावली. म्हशीच्या तोंडातून गवत ओढणारी डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिली. म्हैसही पहिल्यांदाच पाहत असावी.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गवत निवडत बसलो. तांदळातले खडे निवडायला बसावे तशा सहाजणी, मध्ये पांढरे धोतर पसरलेले. एवढेसे केसाळ झुबके बाजूला काढायचे, त्यांची बोंडूके धोतरावर झटकायची. बहुतेकांतून भुसा पडत होता. कौसल्या दर झटक्याला म्हणायची, "आलं पाह्य, आलं पाह्य," आणि चेतना भिंगातून पाहून म्हणायची, "माती आहे, आत्या." शेवटी कौसल्याने भिंग मागून घेतले आणि स्वतः पाहिले. "मातीच आहे," म्हणाली, "पण चांगली माती आहे."

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला धोतरावर काळे ठिपके पडले. खसखशीहूनही बारीक आणि चकचकीत. माझ्या डोळ्यांना तर ते दिसलेच नाहीत. चेतना पालथी पडून भिंगातून पाहू लागली आणि बराच वेळ उठेना.

"माती आहे का?" मी विचारले.

"गप बस, आजी."

असे मला घरात कोणी बोलत नाही. म्हणून समजले, बी आहे.

तीन झुबके निघाले, पिकलेले आणि मुळासकट. आतल्या एखाद्या उंचवट्यावर पाणी लवकर ओसरले असेल, म्हणून आधी पिकले, असे ती म्हणाली. आता नाव देता येणार होते. तिने ते वर्तमानपत्रात पसरले आणि चिठ्ठी लिहायला घेतली. गाव, तालुका, तारीख, माती कशी. मग थांबली.

"कोनत्या बांधीतलं?"

कोणालाच माहीत नव्हते. तिन्ही बांध्यांचे गवत एकाच धुऱ्यावर पडले होते. वरची कोरडी, मधली ओली, खालची पाण्यात. गवत कुठे उभे होते, हे तिच्या कामात बियांइतकेच महत्त्वाचे.

"मधली लिही," कौसल्या म्हणाली. "कोण पाह्यले येते?"

"मी पाह्यलं नाही तं कसं लिहू, आत्या?"

"आम्ही सांगतो नं, मधलीच होती."

"काल तुम्ही तं गवत ओळीत उगवूनबी दाखवलं."

कौसल्या आयते करायला आत गेली. चेतनाने लिहिले: तीन बांध्यांपैकी एक, निंदणात उपटलेले. खाली गोळा करणाऱ्याचे नाव लिहायची जागा होती. तिथे तिने माझे नाव लिहिले. सुभद्राबाई, एकोडी.

"शिक्षा देऊन राहिली का?"

"नियम आहे. ज्यानं उपटलं त्याचं नाव."

"सर हे घेतीन का?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि पट्टा आवळला.

परत एकोडी

परतीच्या प्रवासात काही घडले नाही. चेतना भंडाऱ्यालाच उतरून नागपूरला गेली, माझ्या चपलेसकट. गावात बायांनी विचारले, काय पाहून आली? मी सांगितले, गवत. त्यांनी तब्येतीची चौकशी केली.

पंधरा दिवसांनी फोन आला. चेतनाचे सर बोलत होते. आवाज जाड, बोलणे पुस्तकासारखे. म्हणाले, कागद समोर आहे. बी उत्तम आहे, जात ओळखू आली, पण ठिकाण असे संदिग्ध कोणी लिहीत नाही.

"आजी, तुम्ही स्वतः उपटलंत ना?"

"होय."

"मधली बांधी ओलसर आहे, पण पाण्याखाली नाही, असं चेतना सांगते. ही जात अशाच जागी येते. मधल्या बांधीतलंच असणार, नाही का?"

हो म्हटले असते तर तिथेच काम झाले असते. सरांना हो हवे होते, कौसल्याने तर आधीच सांगून टाकले होते. पण ती पोरगी महिन्यावर मुदत आली असताना हे खोटे लिहायला तयार झाली नव्हती, आणि माझी तर काही मुदत नव्हती.

"सर, तिन्ही बांध्यांतलं एकाच ढिगात होतं. कोनतं कुठचं, मले माहीत नाही. तुमाले माहीत असन तं तुमी लिहा."



"मग ते झाड उभं कुठं होतं, म्हणून लिहू?"

"धानात."

"धानात कुठं?"

"जिथं नको होतं तिथं."

पलीकडे कोणीतरी हसले. ते सर नव्हते. मग सरांचा आवाज आला, फोनपासून लांब तोंड करून बोलल्यासारखा.

"चेतना, चिठ्ठीत तिन्ही बांध्या राहू दे. रिकाम्या रकान्यात जातीचं नाव लिही."